सहा वाट्यांचं वेळापत्रक

सारंगखेडे, पश्चिम खानदेश
२९ जानेवारी १९५९

चि. पौलस गावित यास,
भाईदास गुरुजींचे आशीर्वाद.

काल दिवेलागणीला आम्ही उभयता घरी पोहोचलो. नवापूरला तू आगगाडीत बसवून दिलंस, हिच्या पाठीशी उशी सारलीस आणि गाडी हलली तरी फलाटावर उभा राहिलास, ते मी खिडकीतून पाहत होतो. दोंडाईच्याला उतरून बैलगाडी, मग नाव. नावेत हिनं तापीचं पाणी ओंजळीत घेतलं आणि डोळ्यांना लावलं. दवाखान्यातल्या पस्तीस दिवसांनंतर तेवढंच काय ते तिच्या मनासारखं झालं असेल.

पोटातल्या व्रणानं तीन वर्षं छळलं, अखेर तुमच्या डॉक्टरांनी जठराचे दोन वाटे काढून टाकले आणि एकच वाटा ठेवला. आता त्या एका वाट्यात संसार करायचा. निघताना डॉक्टरीणबाईंनी बजावलं, 'एका वेळी एक लहान वाटी, दिवसातून सहा वेळा. गूळ-साखर नाही, जेवताना पाणी नाही.' मी घरी आल्याबरोबर पहिलं काम हे केलं की जुन्या रोजनाम्याच्या पाठकोऱ्या कागदावर वेळापत्रक आखून स्वयंपाकघराच्या भिंतीला डकवलं. पहिला तास आठ वाजता, पेज. दुसरा दहाला, ताक-भात. तिसरा बाराला, मुगाचं कढण. असे सहा तास. मधल्या सुट्टीत विश्रांती. तासाला मी पितळी ताम्हण वाजवतो. शेजारची दगूबाई रांधायला येते; ती म्हणाली, "मास्तर, शाळा सुटली पण घंटा सुटली नाही तुमची." तिला शाळेतलं मराठी थोडं बोलता येतं आणि टोमणा मारायचा असला की ती तेच वापरते.

पौलस, तुमच्या डोंगरातली ती शाळा माझ्या फार आठवणीत आहे. सत्तावीस साल. शेणानं सारवलेली एक खोली, खिडकीबाहेर मोह. तू पहिल्या रांगेत बसून नदीची कविता अशी काही म्हणायचास की मी खडू खाली ठेवायचो. तो आवाज बत्तीस वर्षांनी माझ्या बायकोच्या जखमेची पट्टी बांधायला पुढे येईल, असं तेव्हा कोणी सांगितलं असतं तर मी हसलो असतो. दवाखान्यात तुला कविता म्हणायला सांगायचं राहून गेलं.

घर फार मोठं वाटतं. मुलगा सुरतेला, मुलगी बऱ्हाणपूरला. पत्र लिहीत जा.

तुझा,
भाईदास गुरुजी


नवापूर
५ फेब्रुवारी १९५९

गुरुजींना पौलसचा सलाम.

पत्र मिळालं. आईंचे टाके कोरडे आहेत ना ते लिहिलं नाहीत. लाल दिसले किंवा पाणी आलं तर लगेच कळवा.

वेळापत्रक ठीक आहे. फक्त परीक्षा घेऊ नका. घास बारीक चावून खायचा, घाई नाही. खाल्ल्यावर अर्धा तास आडवं पडायचं.

आता महत्त्वाचं. दवाखान्यात आल्या तेव्हा आईंचं वजन एकशे छत्तीस पौंड होतं. जाताना एकशे अठरा. अजून थोडं उतरेल, ते चालेल. पण दर पंधरा दिवसांनी वजन करा आणि मला कळवा. डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय, शंभराच्या खाली गेलं तर थांबायचं नाही, परत आणायचं. पुन्हा पोट उघडावं लागेल की नाही ते त्या वेळी बघतील. आईंनी मला निघताना हात धरून सांगितलं होतं, "आते मी आठे परत येवाव नही, भाऊ. मरनू तरी घरमा मरसू." तुम्ही तेव्हा तिकिटं काढायला गेला होतात. परत यायला त्या तयार होणार नाहीत, म्हणून लिहितो.

कवितेचं नंतर कधी.

पौलस


सारंगखेडे
१६ फेब्रुवारी १९५९

चि. पौलस,
आशीर्वाद.

टाके कोरडे आहेत.

वजनाचा प्रश्न मोठा होता. गावात माणूस तोलायचा काटा कुठला? शेवटी पितांबरशेठच्या वखारीत कापूस तोलतात त्या काट्यावर जायचं ठरलं. हंगाम भरात आहे, वखारीत गाड्यांची रांग. ही पदर डोक्यावरून हनुवटीपर्यंत ओढून माझ्या दहा पावलं मागे. पितांबरशेठनं गासडी उतरवून पारड्यात पोतं अंथरलं. हमालाच्या बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. एक म्हणाली, "मास्तरनी बाई, कोनता भाव निंघना?" ही पारड्यात बसली तेव्हा तिनं डोळे मिटून घेतले. एक मण चौदा शेर. घरी येऊन त्रैराशिक मांडलं : एकशे अकरा पौंड.

अकरा, पौलस. अठरावरून अकरा. आणि मी सांगतो, वेळापत्रकात एका मिनिटाची चूक नाही. प्रत्येक तासाला वाटी मी स्वतः भरतो, पाटावर ठेवतो, ताम्हण वाजवतो आणि ओसरीवर येऊन बसतो. पुढच्या तासाला आत गेलो की वाटी रिकामी, घासलेली, पालथी. सहाच्या सहा.

मग अन्न जातं कुठं? जेवणं आटोपली की दुपारी हिला भोवळ येते, दरदरून घाम फुटतो, छातीत धडधड. काल खांबाला धरून बसली होती. मी विचारलं तर म्हणते, "काही नही, ऊन लागनं." माघात ऊन! माझ्या मनात नको ते येतं. व्रणाच्या जागी दुसरं काही तर नसेल? तुम्ही माझ्यापासून लपवत तर नाही?

या दिवसांत मी पुष्कळ बसून असतो. समोरच्या लिंबाची पानं गळतात ती मोजतो. काल चार ओळी सुचल्या :

चार भिंती, दोघे जण
मध्ये दुपारचे ऊन
घड्याळ तेवढे बोले
बाकी सारे घरी मौन

तू म्हणून बघ. तुझ्या गळ्याला बसेल.

भाईदास


नवापूर
२१ फेब्रुवारी १९५९

गुरुजींना सलाम.

डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्यांनी आईंचे कागद पुन्हा काढून मला दाखवले. दुसरं काही नाही. लपवलेलं काही नाही.

कविता चांगली आहे. घाम किती वेळ टिकतो ते तुम्ही लिहिलेलं नाही.

मी अठरा वर्षं या दवाखान्यात ड्रेसर म्हणून जखमा बांधतो. असं पोट कापलेली माणसं मी पाहिली आहेत. घाम, धडधड, भोवळ हे एकाच कारणानं होतं : लहान पोटात एकदम जास्त गेलं की. एक वाटी खाऊन असं होत नाही. तीन वाट्या एकदम खाल्ल्या तर होतं. मग पोट सगळं खाली ढकलून देतं, अंगी काही लागत नाही, आणि माणूस वाळतो.

म्हणून एकच विचारतो. आई त्या सहा वाट्या किती किती वाजता खातात? वाटी रिकामी दिसते ते कळलं. खाताना तुम्ही पाहिलं का?

पौलस


सारंगखेडे
२ मार्च १९५९

चि. पौलस यास,

तुझा प्रश्न वाचून मला वाईट वाटलं. तू दवाखान्यात राहतोस, तिथं बायामाणसांचं खाणंपिणं, ताप, मळमळ सगळं उघड्यावर असतं. घराची रीत वेगळी. आमच्याकडे बाईमाणूस पुरुषांच्या मागून जेवतं, आत, चुलीपाशी. घरधन्यानं तिथं जाऊन तिचा घास बघत बसणं हे शोभत नाही. आमच्या लग्नाला येत्या वैशाखात एक्केचाळीस वर्षं होतील. तेवढ्या वर्षांत मी हिला जेवताना पाहिलेलं नाही, आणि ते मी अभिमानानं सांगू शकतो. माझे वडीलही असेच होते.

मी मास्तर आहे. दिलेलं काम झालं की नाही हे मला पाटी बघून कळतं, मुलाच्या मानगुटीवर बसावं लागत नाही.

वजन एकशे पाच. पितांबरशेठनं या वेळी विचारलंच, "गुरुजी, पेन्शन कमी पडते का?" गावात कुजबुज आहे की मास्तर बायकोला मोजून खायला घालतो, ताम्हण वाजल्याशिवाय घास देत नाही. दगूबाईनं मला ते तोंडावर सांगितलं. हिच्या पाटल्या मी काढून ठेवायला सांगितल्या, रस्त्यात पडतील म्हणून.

डॉक्टरीणबाईंनी एखादं टॉनिक लिहून दिलं तर पाठवावं.

भाईदास पाटील


नवापूर
९ मार्च १९५९

गुरुजींना सलाम.

टॉनिक पाठवत नाही. त्यानं काही होणार नाही.

तुमचं पत्र मी ठकुबाईला वाचून दाखवलं. ठकुबाई म्हणजे आमची आया, जिनं आईंना पस्तीस दिवस चमच्यानं भरवलं. ती आधी हसली आणि मग खाली बसली. तिनं जे सांगितलं ते तुम्हाला कळायला हवं. दर वाटीला आई तिला विचारायच्या, "मास्तर जेवनात का?" ठकुबाई म्हणायची, "हो हो, जेवले, आत्ताच जेवले." मगच त्या तोंड उघडायच्या. दिवसातून सहा वेळा ठकुबाई खोटं बोलली. तुम्ही तर तेव्हा बाहेर बाकावर वाचत बसलेले असायचात. ठकुबाई म्हणते, "मी काय करू, खोटं बोलले नसते तर बाई उपाशी मेली असती."

आता तुमच्या घरी ठकुबाई नाही.

गुरुजी, रागावू नका. रागावलात तरी चालेल. मी पहिल्या रांगेत बसणारा नव्हतो. नदीची कविता म्हणणारा तो बारक्या. त्याच वर्षी पावसाळ्यात हिवतापानं गेला. मी मागे बसायचो, मला कविता पाठ होत नव्हती, मी घरी दुसरी भाषा बोलत होतो. तुम्ही मला वर्षभरात नावानं हाक मारल्याचं आठवत नाही. दवाखान्यात तुम्ही ओळख दाखवलीत तेव्हा मी गप्प बसलो, कारण तुम्ही फार खूश झाला होतात. तुम्ही वाईट मास्तर नव्हतात. तुम्ही खिडकीबाहेर बघत शिकवायचात.

आमच्या लोकांत नवरा-बायको चुलीजवळ एकत्र बसतात. शेतात तर एकाच थाळीत. माझी रमीबाई तीन वर्षांपूर्वी गेली. शेवटच्या महिन्यात तिचा घास किती लहान झाला ते मला दिसत होतं, म्हणून मला वेळेवर कळलं. वाचवता आलं नाही ते वेगळं.

तुम्हाला तर वाचवता येईल. एकदा आत जाऊन बघा.

पौलस


सारंगखेडे
३० मार्च १९५९

चि. पौलस,

तीन आठवडे उत्तर लिहिलं नाही. पहिला आठवडा रागात गेला. दुसरा बारक्याचा चेहरा आठवण्यात, आठवला नाही. तुझा तेव्हाचा तर कसा आठवणार. तिसऱ्या आठवड्यात वजन केलं. एकशे एक.

त्या दिवशी दहाचा तास वाजवून ओसरीवर आलो आणि हातात वर्तमानपत्र घेतलं. चष्मा आत राहिला होता. खरं तर चष्मा खिशातच होता. मी आत गेलो.

ही माझ्याकडे पाठ करून जात्याशेजारी उकिडवी बसली होती. समोर झाकणाची तपेली. दहाच्या वाटीतला ताक-भात ती त्यात ओतत होती. आठची पेज आधीच तळाला होती, वर साय धरलेली.

"हे काय?" मी म्हणालो.

दचकली नाही. झाकण ठेवलं. "काही नही. थंडं करी ऱ्हायनू."

"आठची पेज दहापर्यंत थंड होते?"

"तुम्हनं जेवण व्हई जाऊ द्या. मंग खासू ना मी."

"माझं जेवण बाराला! तोवर दोन तास बुडाले तुझे."

"घरना धनी उपाशी बशेल शे नि मी सकायपास्नं चरत ऱ्हासू? बकरी शे का मी?"

"मी कुठं उपाशी? चहा घेतला की."

"चहा म्हंजे जेवण शे का?"

"अगं, पण बघतंय कोण?"

"देव दखस," ती म्हणाली. मग जरा थांबून, "नि देवना पहिले दगूबाई दखस."

"डॉक्टरांनी सांगितलंय म्हटल्यावर—"

"डॉक्टरनी बायको डॉक्टरना पहिले जेवत व्हई. मी मास्तरनी बायको शे."

असं, पौलस. सकाळच्या दोन वाट्या ती झाकून ठेवायची, बाराला मी जेवून हात धुतला की तिसरीसकट तिन्ही एका बैठकीत गिळायची. संध्याकाळीही तेच. एक्केचाळीस वर्षांची सवय : दिवसाचं जेवण दोनदा, घरधन्याच्या मागून, भराभर, कारण पुढं भांडी असतात. मी वेळापत्रक आखलं आणि तिनं ते आपल्या रीतीत बसवून घेतलं. मुलंही असंच करायची. गणित समोर ठेवलं की आधी उत्तर बघायची आणि मग मधल्या पायऱ्या भरायची. त्यांना मी पकडायचो.

मी तिला ठकुबाईचं सांगितलं. सांगायला नको होतं. तिनं विचारलं, "म्हंजे पस्तीस दिन मी तुम्हना पहिले खाधं?" आणि रडायला लागली. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी रडली नव्हती ती. मी म्हणालो, "खाल्लंस म्हणून तर जगलीस." ते तिला पटलं नाही. मी तिथंच जात्याच्या पलीकडे बसून राहिलो. तिचं मनगट मी त्या दिवशी नीट बघितलं. माझ्या अंगठ्यात आणि तर्जनीत मावलं आणि वर जागा उरली.

रीत मोडायला ती तयार नाही, हे मला कळून चुकलं. मग मी रीतच वापरली. आमच्यात नवऱ्याच्या ताटात मागाहून बायको जेवते, ते पुण्याचं. दुसऱ्या दिवशी आठला घंटा झाली तेव्हा मी स्वतः पाटावर बसलो. दोन घास खाल्ले, ताटात तिची मोजकी वाटी तशीच ठेवली आणि उठलो. "माझं जेवण झालं," मी म्हणालो. ती ताटाकडे बघत राहिली. "आते? आठले?" म्हटलं, "हो. मास्तर जेवले." ती ताट घेऊन दाराआड गेली. दहाला पुन्हा. बाराला पुन्हा. मी दिवसातून सहा वेळा जेवतो आहे, पौलस. या वयात. काल कोटाचं बटण लागेना.

दगूबाई म्हणाली, "मास्तर, पथ्य कोणाचं चाललंय?"

भोवळ आठ दिवसांत एकदाच आली. पण एकशे एक म्हणजे काठ. पुढचं वजन करायचा मला धीर होत नाही.

तुला मी नावानं हाक मारली नाही, हे वाचल्यापासून मी ते नाव पुष्कळदा उच्चारलं. इथं ऐकायला कोणी नाही.

भाईदास गुरुजी


नवापूर
६ एप्रिल १९५९

गुरुजींना सलाम.

पत्र मिळालं. ठकुबाईला वाचून दाखवलं. ती म्हणते, "आता कोणाला खोटं बोलावं लागत नाही, मास्तरला खरंच खावं लागतं."

वजन करा. भीती वाटली तरी करा. एकशे एकवर टिकलं तरी चांगलं.

मी माझ्या खोलीत खिडकीपाशी उभा राहून जेवतो. बसून जेवलं की समोरची जागा दिसते. तुमचं पत्र वाचून त्या दिवशी बसलो. जमलं नाही. असो.

एक गोष्ट माझ्या मनात येते ती लिहितो. तुम्ही घरी असता तोवर हे चालेल. पण तुम्हाला कधी पेन्शनीला जायचं, कधी लग्नाला, कधी मयतीला. त्या दिवशी आई काय करतील? एक दिवस उपाशी राहिल्या आणि रात्री एकदम खाल्लं तर महिन्याची मेहनत जाईल. शंभरला एकच पौंड आहे, गुरुजी.

याला माझ्याकडे औषध नाही. तुम्ही विचार करा.

पौलस


सारंगखेडे
४ मे १९५९

चि. पौलस,
अनेक आशीर्वाद.

परवा वजन केलं. एकशे चार. पितांबरशेठनं दोनदा तोललं.

तू लिहिलं होतंस तो दिवस काल आला. सकाळी सातला भिकन पाटील गेले. भाऊबंद, आमच्या गल्लीतले. आमच्यात मयत झाली की अग्नी देऊन, नदीत आंघोळ करून माणसं परतेपर्यंत भाऊबंदांच्या घरी चूल पेटत नाही आणि कोणी पाणीसुद्धा घेत नाही. मी आठचा तास व्हायच्या आधीच उपरणं टाकून निघालो. निघताना हिला म्हणालो, "कालचं ताक आहे, केळं आहे, तू घे बरं." ती म्हणाली, "भिकनभाऊ आठे पडेल शे नि मी केळं खाऊ?" मयताच्या घरून दोनदा हाक आली होती.

त्यांचा मुलगा भुसावळहून यायचा होता, त्याची वाट बघत उशीर झाला. दहा वाजले. बारा वाजले. तापीच्या वाळूत आम्ही चिंचेच्या सावलीला बसलो होतो. ऊन तू जाणतोसच. लोक भिकनभाऊंच्या गोष्टी काढत होते, कोणी मला म्हणालं, "गुरुजी, तुमच्या बरोबर शाळेत होते ना भिकनभाऊ? दोन ओळी म्हणा." मला एक ओळ आठवली नाही. माझ्या डोक्यात फक्त तास वाजत होते. पहिला गेला, दुसरा गेला, तिसरा गेला. मी मनात हिची मनगटं बघत होतो. सरण पेटलं तेव्हा दोन वाजून गेले होते. आंघोळ करून मी ओल्या धोतरानं सगळ्यांच्या पुढं निघालो. लोकांनी काय समजायचं ते समजलं असेल.

दारात दगूबाई बसली होती. आमच्या भाऊकीतली नाही ती, तिला सुतक नाही. पण उंबऱ्यावर पाय पसरून अशी बसली होती की येणाऱ्याला आत डोकावता येऊ नये. मला बघून म्हणाली, "या. आता उठते. सकाळपासून राखण करतेय."

"कशाची?"

"आत विचारा."

ही खाटेवर पडली होती. डोळे उघडे. कपाळाला हात लावला, घाम नव्हता. मी विचारायच्या आधीच ती भिंतीकडे तोंड करून बोलली.

"माले भूक लागनी व्हती."

एक्केचाळीस वर्षांत हे वाक्य तिच्या तोंडून मी ऐकलं नव्हतं, पौलस. तिला भूक लागत असेल असं कधी मनातही आलं नव्हतं.

"दगू बोलनी, बाई, तू मरशी तं मास्तर सहा डाव कोनासंगे जेवतीन? मी नही बोलनू. मंग दहाले पोट इतलं ओरडनं... केळं खाधं. बाराले ताक. दोनले परत केळं." मग, "भिकनभाऊले मनमा हात जोडी लिधा."

"बरं केलंस," मी म्हणालो. मला आनंद झाला होता. झालाच होता. पण मी ओल्या धोतरानं तसाच उभा राहिलो. सकाळपासून वाळूत बसून मी तिच्यासाठी जीव टांगला होता, आणि ती माझ्यावाचून जेवली होती. महिनाभर दर दोन तासांनी माझ्या दोन घासांवर तिचा घास अडलेला असायचा. आता तो अडलेला नव्हता.

दगूबाईनं चूल पेटवली. चारला मला वाढलं. ताट मी पूर्ण संपवलं. तिची वाटी आता वेगळी होती, ताटात काही ठेवायचं नव्हतं. माझा चावण्याचा आवाज मला ऐकू येत होता. ती खाटेवरून बघत होती.

"एकटं जेवाले करमत नही ना?" ती म्हणाली.

"नाही," मी म्हणालो.

"माले बी करमे नही," ती म्हणाली. "एक्केचाळीस वरीस."

भाईदास गुरुजी